चौथं नाव मंगलचं

मंगल गेल्याचं मला स्टाफरूममध्ये कळलं. प्राणिशास्त्राच्या शिपायानं दारातूनच सांगितलं, "मॅडम, मंगलमॅडमचा अ‍ॅक्सिडेंट झाला जवळा बाजारच्या रोडला... न्हाई राहिल्या." आदल्या संध्याकाळी दुसऱ्या गावच्या कॉलेजातले तास आटोपून ती स्कूटीवरून परत येत होती. रस्त्यात सोयाबीन भरलेला ट्रॅक्टर उभा होता आणि ट्रॉलीला मागे दिवा नव्हता. दीड महिना होत आला, तरी त्या ट्रॅक्टरवाल्यावर मला पुरतं रागावता येत नाही. माझा राग भलतीकडंच जातो.

मी मराठी शिकवते, ती प्राणिशास्त्र शिकवायची. दोघीही तासिका तत्त्वावर, म्हणजे घेतले तेवढ्या तासांचे पैसे आणि उन्हाळ्यात हात हलवत घरी. एका कॉलेजवर भागत नाही म्हणून तिनं दोन धरली होती. त्यातूनही वेळ काढून ती पहाटे सिद्धेश्वर धरणावर जायची. धरणातले कोणते मासे कमी होत चाललेत, हे तिचं संशोधन. होड्या काठाला लागायच्या वेळी ही तिथं हजर, मग माशांचे डबे घेऊन थेट कॉलेजात. आम्ही नाकाला पदर लावला की म्हणायची, "घ्या बायांनो वास घेऊन, ह्याच्यावरच पर्मनंट होणार हाये मी!" आणि अशी हसायची की कुणाला चिडताच येऊ नये.

शोधनिबंध छापून आला तेव्हा त्यावर चार नावं होती. पहिलं विभागप्रमुख सरांचं, दुसरं संस्थेच्या अध्यक्षांच्या सूनबाईंचं, तिसरं सरांच्या कुणा मित्राचं आणि चौथं मंगलचं. सूनबाईंनी ते धरण पाहिलं असेल तर सहलीत. मंगल जाब विचारायला गेली, सोबत मीही होते. सर शांतपणे म्हणाले, "मॅडम, प्रयोगशाळा संस्थेची, मायक्रोस्कोप संस्थेचा. नावाचं काय घेऊन बसलात? पुढच्या खेपेला बघू."

"मग मायक्रोस्कोपचंच नाव टाकायचं व्हतं की सर," मंगल म्हणाली, "त्यानं तरी मासा पाह्यला."

सर हसले. मोठ्या खुर्चीतल्या माणसाला असं हसणं परवडतं.

पुढं कॉलेजात कायमची एक जागा निघाली. मंगलनं मुलाखतीत तोच निबंध पुढं ठेवला. समोरच्यांनी विचारलं, "यात तुमचा वाटा काय? नाव तर शेवटी दिसतंय." जागा सूनबाईंना मिळाली. मंगल त्या दिवशी माझ्याकडं आली, पण चहालाही हात लावला नाही. "समदं मीच केलं म्हणलं, तर एकमेकाकडं पाहून हसले गं..." एवढंच बोलली. मग पुन्हा धरण, पुन्हा दोन कॉलेजं. दुसरा निबंध पुरा करून सरांना दिला, तेव्हा तिनं नावांची जागा कोरीच सोडली होती. "भरू दे त्याहिलाच," म्हणाली. तिचं ते हार मानणं आजही मला सहन होत नाही.

शोकसभेत सर बोलायला उभे राहिले. "मॅडमचा दुसरा निबंध त्यांचं नाव पहिलं ठेवून छापतो आहोत. हीच त्यांना श्रद्धांजली." काहींचे हात टाळीसाठी उचलले गेले आणि भान येऊन खाली आले. आता पहिलं नाव द्यायला कुणाचं काय जात होतं?

गेल्या आठवड्यात छापील प्रत घेऊन मी शिरड शहापूरला तिच्या आईकडं गेले. आतल्या खोलीत खुंटीला तिचा पांढरा एप्रन होता. माशांचा वास जाईल म्हणून काकूंनी तो धुतलेला नाही. मी त्यांना इंग्रजीतलं पहिलं नाव दाखवलं. नावाजवळ एक चांदणी होती आणि खाली बारीक अक्षरात ती हयात नसल्याची नोंद. काकू बराच वेळ नावावरून बोट फिरवत राहिल्या.

"पैलं नाव असलं म्हंजे नोकरी लागती का, बाई?"

"लागते, काकू."

"मंग ती जित्ती व्हती तवा काहून न्हाई टाकलं?"

काकू उठल्या, कागदाची नीट घडी घातली आणि ती एप्रनच्या खिशात ठेवून दिली.