टी.सी.च्या दिवशी बंद केलेले इशारे

कॉम्प्युटरला सगळं येतं, फक्त मुकाट्यानं काम करता येत नाही. मी पूर्णा गावातल्या एका कॉलेजात संगणक शिकवतो. बारावीच्या निकालानंतर सगळ्या मुलांच्या टी.सी. एका दमात छापाव्यात म्हणून मी प्रोग्रॅम लिहिला. त्यानं वर्ड उघडायचं, यादीतून एकेकाची माहिती टी.सी.त भरायची आणि छापायची. पण वर्ड दर वेळी चौकट काढून विचारणार, ‘यादीतली माहिती या कागदात आणू का?’ अरे बाबा, त्यासाठीच तर तुला उठवलंय!

त्यात आमचे हेडक्लार्क. स्क्रीनवर कसलीही चौकट आली की ते न वाचता ‘नाही’ दाबतात. ‘हो म्हणलं की अंगलट येतंय, सर,’ हे त्यांचं नोकरीभराचं शहाणपण. म्हणून मी वर्ड पडद्याआड चालवायचं ठरवलं. दिसलंच नाही तर यांचा हात तिथं पोचणार कसा?

त्या दिवशी ऑफिस उघडायच्या आधीच खिडकीशी बाप-लेक उभे होते. बाप रेल्वेत गँगमन. पोरीचा नांदेडला नर्सिंगला नंबर लागला होता आणि संध्याकाळच्या आत टी.सी. दाखवली नाही तर जागा दुसऱ्याला जाणार होती. मी कॉम्प्युटरवर टी.सी.ची फाइल उघडून चौकटीला ‘हो’ म्हटलं, हेडक्लार्कांनी तिची नोंद पाहिली, बरोबर आहे म्हणाले आणि मी फाइल तशीच सेव्ह करून बंद केली. तिचा नंबर मात्र पार शेवटी.

‘तिची एकटीची आधी काढू,’ मी म्हणालो.

‘न्हाई. टी.सी. नंबरानंच निघती. मधलीच काढली तर उद्या जाब मला इचारतेत.’

झालं. प्रोग्रॅम सुरू केला, तर प्रिंटर मख्ख. कोड वरपासून खालपर्यंत तपासला, केबल काढून लावली, काही नाही. मग डोक्यात प्रकाश पडला. पडद्याआडच्या वर्डनं आपला तो प्रश्न विचारला होता आणि जिथं कुणालाच दिसत नाही तिथं उत्तराची वाट बघत बसलं होतं. माझं पित्त खवळलं.

‘सर, व्हायलंय का? गाडीचा टाइम झालाय,’ बाप खिडकीतून म्हणाला.

मी चिडून कोडमध्ये सगळे इशारे, म्हणजे त्या प्रश्न विचारणाऱ्या चौकटी, बंद केले. वर चूक आली तरी थांबू नकोस, असंही लिहून टाकलं.

प्रिंटर धावत सुटला. पहिला कागद त्या पोरीचा. दुसराही तिचाच. तिसराही! मी कपाळावर हात मारला. इशारे बंद केले की वर्ड आपल्याला विचारत नाही, परस्पर उत्तर देतं, आणि इथं ते उत्तर होतं ‘नाही’. यादी जोडलीच गेली नव्हती. सकाळी शेवटी पाहिलेली तिची नोंद तेवढी कागदावर राहिली होती. मी एक हेडक्लार्क लांब ठेवायला एवढा आटापिटा केला, आणि आत दुसरा बसलेलाच होता.

पण तिची टी.सी. तर बरोबर होती. नंबरसुद्धा तिचाच. मी वरचा कागद हेडक्लार्कांपुढं आपटला. ‘भाऊसाहेब, शिक्का मारताय का नाही?’

‘नंबर मोडायलाय, सर,’ ते कुरकुरले. खिडकीकडं पाहिलं. मारला शिक्का. मी धावत जाऊन प्राचार्यांची सही आणली.

तोवर हेडक्लार्कांनी उरलेला गठ्ठा फाडायला उचलला होता. बाप टी.सी. घेता घेता हरखून तिकडं बघत राहिला. ‘समद्यावर हिचंच नाव हाय व्हय?’

हेडक्लार्कांचे हात थांबले. ‘तुमी आधी जावा! गाडी जाईल!’ ते खेकसले. दोघं स्टेशनकडं पळाले.

बाकीच्यांच्या टी.सी. दुसऱ्या दिवशी नीट छापल्या. पण तो गठ्ठा अजून हेडक्लार्कांच्या टेबलावर आहे. कुणालाही काही लिहून द्यायचं तर त्यातला पाठकोरा कागद काढतात. परवा मी वैतागून विचारलं, ‘भाऊसाहेब, हे एकदाचे फाडून टाकायचे ना?’

त्यांनी मान वर केली नाही.

‘न्हाई,’ म्हणाले.