लगीन का मयत

बी.ए. होऊन मी लोणावळ्याच्या शाळेत मास्तर म्हणून लागलो, तेव्हा एका ख्रिस्ती बाईंनी मला आपल्या घरात खोली दिली. त्यांचे यजमान घाटात इंजिन चालवत. ते वारल्यापासून बाई एकट्याच होत्या. परक्या गावात घरच्यासारखी माया करणारं हे पहिलंच माणूस. त्यांचे उपकार मनात होते, म्हणून तर माझी इतकी पंचाईत झाली.

वराळ्याहून मला मुलगी सांगून आली. मुलीचे वडील मला बघायला यायचे होते. बाई म्हणाल्या, "पाहुण्यांना माझ्या दिवाणखान्यात बसवा, मास्तर." आदल्या दिवशी आई वडिवळ्याहून आली, दिवाणखान्यात शिरली आणि भिंतीकडे बघत उभीच राहिली.

तिथे मागच्या शतकातलं एक मोठं रंगीत चित्र होतं. बाईंच्या आजेसासऱ्यांनी घेतलेलं. कुठल्याशा विलायती गावातली मिरवणूक. चौघांनी धरलेल्या छताखाली पाद्री, हातात सूर्यासारखं सोन्याचं चक्र. पुढे लहान मुली, नखशिखांत पांढऱ्या कपड्यांत. रस्त्याच्या कडेला लोक गुडघे टेकून, माना खाली घालून बसलेले.

"हे लगीन हाय का मयत?" आईने विचारलं.

"मिरवणूक आहे."

"कशाची?"

इतके महिने मी त्या चित्राखाली बसून चहा पीत होतो. कशाची, ते मला ठाऊक नव्हतं.

"एवढ्याशा पोरी पांढऱ्यात, हसू कुनाच्याच तोंडावर न्हाई. मयतच हाय. सोयरिकीच्या टायमाला हे म्होरं नगं. बाईला सांग, उतरव म्हनावं."

उतरवा म्हणायला जीभ रेटेना. मी बाईंना म्हणालो, "उद्या पाहुणे यायचेत. चित्राचं काही करता येईल का?"

बाईंचा चेहरा खुलला. "करते ना! असं कुणी विचारतच नाही हो, मास्तर."

सकाळी पाहतो तर चित्र लखलखीत पुसलेलं, त्यावर झेंडूचा भरघोस हार आणि खाली दोन मेणबत्त्या.

"आता तर हारबी घातला," आई कुजबुजली. "ऱ्हायलं काय?"

पाहुणे आले. माझ्याकडे त्यांनी धड पाहिलंही नाही. चित्रासमोर जाऊन त्यांनी हात जोडले.

"ह्यात देव कुटं हाय?"

"त्या सोन्याच्या चक्रात," बाई म्हणाल्या.

"चक्रात तर पांढरं कायतरी दिसतंय."

"ती भाकर आहे. तोच आमचा देव."

पाहुणे माझ्याकडे वळले. "म्हंजे कसं? तुमी शिकल्यालं, तुमी सांगा."

मी चित्राकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं. पुस्तकात वाचलेलं एकही वाक्य कामी येईना.

"मला नाही कळलं, आबा," मी म्हणालो. आईने कपाळाला हात लावला.

पाहुण्यांनी चहा संपवला, टोपी सारखी केली. "बी. ए. झालं तरी कळत न्हाई म्हनतंय," एवढंच बोलून ते स्टेशनाकडे गेले. ही शाबासकी होती की टोमणा, यावर आई आणि मी जेवण होईपर्यंत वाद घातला.

आठवड्याने निरोप आला. मुलगा पसंत आहे. पण याद्या करण्याआधी मुलीच्या आईला एकदा आणायचं आहे, त्याच घरी, त्याच खोलीत.

"तुला बगायला का त्या भाकरीला?" आईने विचारलं.