पोटदुखी म्हणून सांगितलेलं दुखणं

कारखान्यातून घरी चालताना थोरल्या जाऊबाई तिसऱ्यांदा कठड्यावर टेकल्या. शिवणयंत्रावरून उठावं लागू नये म्हणून वीस वर्षं त्या पाणीच कमी पीत आल्या. आता लघवीला जळजळ होती, अंगात ताप होता.

"ओटीपोटावर लव्हेंडरचं तेल चोळते, तेवढाच आराम."

"तेलानं आराम पडेल, दुखणं नाही जायचं. डॉक्टर काय म्हणाले?" बरोबर चालणाऱ्या धाकट्या जावेनं विचारलं.

"पित्ताच्या गोळ्या दिल्या. पुरुषमाणसापुढे लाज वाटली, पोट दुखतंय, एवढंच सांगितलं मी. तेल विकणाऱ्या बाईंना मात्र सगळं सांगता आलं."

"सासूबाईंना गप्प करणारं तोंड तिथे कुठे गेलं?"

थोरल्या थकून हसल्या आणि देवाचं नाव घेत उठल्या.

"उद्या डॉक्टरांकडे माझ्याबरोबर चल. खरं काय ते तू सांग, मी नुसती मान हलवीन."