टेबलाखालचा काजूगर

आजऱ्याच्या काजू कारखान्यात माझी आई, शिवलीला, तीस वर्षं गर निवडते. सुपरवायझर ओरडला तर त्यालाच झापते. ती घाबरलेली मी एकदाच पाहिली.

त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी तिला मोबाईलवर अवकाशातल्या दुर्बिणीनं काढलेला फोटो दाखवला. "हात लांब करून वाळूचा कण धरला, तर त्यामागं झाकलं जाईल एवढंच हे आकाश. एकेक ठिपका म्हणजे कोट्यवधी सूर्य."

सवयीनं तिचं बोट ठिपके निवडायला लागलं.

"ह्यात आपण कुठं हाय?"

"ह्यात न्हाय की आपण."

तिचा घास हातातच राहिला.

दुपारी तिच्या निवडायच्या ताटातला एक गर खाली पडला. पडलेला गर कुणी शोधत नाही, तो केरात जातो. आई टेबलाखाली शिरली. सापडल्यावरही मूठ उघडेना.