पांढऱ्या साडीतली दुसरी बाई

परवाच सिक्कीमहून आलो. बॅगा तशाच पडल्यात, कपडे धुवायचे राहिलेत... पडू देत, आधी हे लिहिते.

आम्ही शिरवण्याच्या विहारातल्या बायका निघालो होतो. बरोबर माझ्या सासूबाई, आम्ही त्यांना आत्याबाई म्हणतो. गुडघे गेलेले, मोबाईल नाही, जालन्याकडची मराठी सोडून दुसरी भाषा नाही. पण डोंगरावरच्या बुद्ध पार्कात मोठ्या मूर्तीपुढं बसून वंदना म्हणायची, एवढंच त्यांचं मागणं. मुलगा म्हणाला, "नको नेऊस, हरवेल आजी." मी म्हटलं, मी असताना कशी हरवते.

बसमधून उतरलो तर धुकं असं की समोरचं माणूस दिसेना. शेजारी दुसरी एक बस उतरत होती, मी कशाला लक्ष देते... आत्याबाईंचा हात धरला आणि निघाले पायऱ्या चढत.

"चला पटापट. गुडघे घरी जाऊन दुखवा, इथं नको." त्या गप्प. रागावल्या वाटतं म्हणून मी अजून चार शब्द ऐकवले.

वर पोचलो आणि धुकं बाजूला झालं... केवढी ती मूर्ती, मान मागं टाकावी तेव्हा दिसते. मागं बर्फाचे डोंगर. "बघा आत्याबाई," म्हणून वळले, तर बाई दुसरीच.

आमच्यासारखीच पांढरी साडी, वयही तेवढंच. "लंका, लंका," म्हणाली आणि हसली, म्हणजे त्या शेजारच्या बसमधली, श्रीलंकेची. बिचारी एवढी बोलणी खात वर आली होती.

मग आत्याबाई कुठं? त्या बाईला घेऊन तशीच खाली उतरायला लागले. धुक्यात हाका मारत चालले होते... आणि मग एकदम ओळखीचा आवाज. चढा, बेसूर, विहारात सगळ्यांच्या पुढं धावणारा.

आत्याबाई पायरीवर बसलेल्या, भोवती लंकेच्या बायका, आणि सगळ्या मिळून त्रिसरण म्हणत होत्या, बुद्धं सरणं गच्छामि. चाल त्यांची वेगळी, आपली वेगळी, पालीतले शब्द तेच. माझ्याजवळची बाईही उभ्या उभ्या म्हणायला लागली... मग मीही.

म्हणून झाल्यावर मी ओरडलेच, "जीव गेला होता माझा."

"तुझा कशाला जाईल? तूच पळालीस. ह्या बायांनी बसवलं, चहा पाजला."

"बोललात काय यांच्याशी?"

"बोलायचं काय त्यात. जय भीम म्हटलं, वंदना धरली."

पुढं आत्याबाई आणि माझ्याबरोबरची ती लंकेची बाई, दोघी म्हाताऱ्या एकमेकींच्या आधारानं सावकाश वर गेल्या आणि मूर्तीपुढं बसून पुन्हा सगळी वंदना म्हटली. मी मागं, पहिल्यांदाच घाई न करता.

मला वाटायचं वंदना म्हणजे आपल्या विहाराची, आपल्या बायकांची. समुद्रापलीकडच्या बाईला ती तोंडपाठ आहे... आपलं घर केवढं मोठं आहे हे मला त्या डोंगरावर कळलं.