कानामागची तीट

मालनवहिनी घरात आली नसती, तर मी बारावीपुढे शिकलो नसतो. मला कॉलेजात घालावं म्हणून ती दादाशी भांडली, आणि मी आमच्या घरातला पहिला पदवीधर झालो.

आज ऑफिसात स्क्रीनवर लोकरीचा निळा कोल्हा आला. हा आमच्या कंपनीच्या व्हिडिओ गेममधला. परवानगीशिवाय कुणी असे कोल्हे विणून विकले, तर नोटीस पाठवणं हे माझं काम. फोटो मोठा केला. कोल्ह्याच्या कानामागे काळ्या दोऱ्याची तीट होती. दृष्ट लागू नये म्हणून वहिनी प्रत्येक बाहुलीला ती लावते.

मी फोन केला.

"लोकर माझी, हात माझे, मग कोल्हा त्यांचा कसा, भाऊजी?" ती हसली. "आणि तुम्ही आहात की तिथं!"

गावात रांगोळीतला मोर जो काढील त्याचा असतो. पण हा कोल्हाही कुणीतरी कागदावर काढला असेल, खोडला असेल, पुन्हा काढला असेल. दोन्हीकडे राबणारे हातच दिसतात, आणि मध्ये मी.

"कोल्हा चावला का रे?" साहेब म्हणाले. "पाठव की."

पाठवली. मग घरी येऊन पत्र लिहिलं:

"तीर्थस्वरूप वहिनीस, साष्टांग नमस्कार. नोटीस येईल, तिच्याखाली माझी सही आहे. मी पहिल्यांदा इंग्रजीत सही केली, तेव्हा तू ती गल्लीभर दाखवली होतीस, म्हणून ओळखशील. कोल्हे विकू नकोस. एक माझ्यासाठी ठेव. त्याची तीट काढू नकोस."