नवतप्यातली दक्षिण

नवतपा म्हणजे मे महिन्याच्या शेवटाचे ते नऊ दिवस, जेव्हा आमच्या सिहोऱ्यात कुत्रीसुद्धा मोरीत जाऊन पडतात. या दिवसांत डिश लावायची नाही, असा बाबांचा नियम होता. ऊन लागेल म्हणून, असं मी लहानपणापासून धरून चालले होते. बाबा तुमसरच्या राईस मिलमध्ये फिटर, आणि सुट्टीच्या दिवशी पार नाकाडोंगरीपर्यंत लोकांच्या घरांवर डिश लावत हिंडायचे. असा माणूस उन्हाला भितो याचं मला हसू यायचं, आणि मी ते तोंडावर बोलूनही दाखवायची.

आमच्या स्वतःच्या स्लॅबवर आठ फुटी जाळीची डिश होती, मोटरवर फिरणारी. बटण दाबलं की ती कण्हत कण्हत पूर्वेकडून पश्चिमेकडे जायची आणि वाटेतला एकेक उपग्रह पकडायची. बाबांना कार्यक्रमांत काडीचा रस नव्हता. कुठल्यातरी अनोळखी भाषेत एखादी बाई बातम्या द्यायची, बाबा दोन मिनिटं ऐकायचे आणि डिश पुढे सरकवायचे. या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळे मिळाले की मगच जेवायला बसायचे. भाजी गार झाली म्हणून आई कुरकुरायची.

आई गेली. मग साखरेने बाबांचे डोळे गेले. त्याच सुमारास वानरांनी डिशवर झोके घेतले आणि खांबावरची बैठक सरकली. गावात तोवर सगळे मोबाइलवर बघू लागले होते, डिशवाल्याला कोणी विचारत नव्हतं. मी शाळेत शिकवते, मला वेळ नव्हता. खरं सांगायचं तर मला ती डिश भंगारात द्यायची होती.

त्या मे महिन्यात बाबांच्या किडन्यांनी हात टेकले. रविवारी दादा गाडी घेऊन येणार आणि त्यांना नागपूरला आपल्या घरी नेणार, असं ठरलं. तिथून ते परत येणार नाहीत हे दादाला डॉक्टरांनी सांगितलं होतं. बाबांना कोणीच सांगितलं नव्हतं, तरी त्यांना कळलं होतं. सपरीतल्या, म्हणजे पुढच्या ओसरीतल्या, खाटेवर पडल्यापडल्या ते म्हणाले, "जायच्या आधी एक डाव या टोकापासून त्या टोकापर्यंत ऐकव मले."

ऐकायची होती ती सिग्नल मोजणाऱ्या मीटरची शिट्टी. उपग्रह जवळ आला की मीटर बारीक वाजतं, डिश बरोबर त्याच्यासमोर आली की आवाज चढतो. पण त्याआधी दक्षिण अचूक हवी. ती चुकली तर मधला उपग्रह मिळतो आणि टोकाचे हातचे जातात. होकायंत्र स्लॅबमधल्या सळ्यांनी बहकतं, म्हणून बाबा ओळंबा टांगायचे. दुपारी दोरीची सावली सगळ्यात आखूड झाली की तिच्यावरून खिळ्याने रेघ ओढायचे आणि बैठक त्या रेघेवर बसवायचे. त्यांची जुनी रेघ स्लॅबची गळती काढताना मीच नव्या सिमेंटखाली घातली होती.

शुक्रवारी मी ओळंबा शोधून काढला. नवतपा चालू होता. बाबांनी मान हलवली. "नवतप्यात नोको बाई. सावली..."

"सावली हाय ना बाबा. मले दिसते," मी म्हणाले.

आंधळ्या माणसाला मी असं बोलले. आणि माझंच खरं झाल्यासारखी जिना चढले.

दुपारी बाराच्या पुढे ओळंब्याच्या बुडाशी नखाएवढा काळा डाग उरला. त्याची लांबी कोणती आणि रुंदी कोणती हे बघायला मी दोनदा वाकले, तळवे पोळले, आणि मला वाटली तशी रेघ ओढून टाकली. बैठक तिच्यावर फिरवून नट आवळले. मीटर जोडलं, मोटरचा बटणांचा डबा वरच आणून ठेवला. मधला उपग्रह लगेच मिळाला. शिट्टी अशी चढली की खालून बाबांनी टाळी वाजवली. इतका आनंद मला कित्येक वर्षांत झाला नव्हता.

मग पश्चिम. मोटर टोकापर्यंत गेली, मीटर मुकं. पूर्वेलाही तेच. शनिवारी मी दिवसभर बैठक बोटभर इकडे, बोटभर तिकडे करत राहिले. रविवारी सकाळी दादाची गाडी दारात लागली, तेव्हा मी शेवटचं वर गेले. पश्चिमेला काहीच नव्हतं. मी हळूच बटण उलटं दाबलं, डिश मधल्या उपग्रहावर आणली आणि मीटर वाजल्यावर खाली ओरडून सांगितलं, पश्चिमेचा मिळाला. पूर्वेचाही असाच मिळवून दिला.

खाली आले तेव्हा दादा बाबांना चपला घालत होता. बाबांनी माझा हात चाचपला.

"मोटर दोन्ही डाव वापस आली बाई," ते म्हणाले. "राहू दे. लय उन्हात केलं तू."

पावसाळ्यात धानाचे रोवणे चालू होते तेव्हा बाबा नागपुरातच वारले.

डिसेंबरात मी धुणं वाळत घालायला स्लॅबवर गेले होते. ओळंबा तिथेच लटकत होता, काढायचं सुचलंच नव्हतं. भर बाराची वेळ. दोरीची सावली हातभर लांब, सरळ पडली होती आणि माझ्या रेघेला चक्क तिरकी कापून जात होती.

मी सहावीला भूगोल शिकवते. मेच्या शेवटी आपल्याकडे दुपारचा सूर्य नेमका डोक्यावर येतो आणि सावली पायाखाली जाते, हे मी दरवर्षी फळ्यावर काढते. अशा दिवसांत सकाळची आणि दुपारनंतरची सारख्या लांबीची सावली घेऊन दोन्हींच्या मधोमध रेघ ओढली, तरी दक्षिण मिळते. भर दुपारी सावली उरत नाही हे बाबांना ठाऊक असणारच. ते त्या शुक्रवारी त्यांच्या ओठांवरही आलं होतं.

बैठक मी पुन्हा फिरवली नाही. ऐकणारं कोणी नव्हतं. बाबा उन्हाला कधीच भीत नव्हते. नवतप्यात सावली नसते एवढंच ते सांगत होते, आणि मी त्यांना म्हणाले होते, मले दिसते.